जखमी शिपायाचा देखावा: रक्त कमी, कात जास्त

गेल्या गणपतीत एका मंडळाचा जिवंत देखावा बघायला गेले. मे १८१८, इंग्रजांच्या जनरल मन्रोची फौज सोलापूरच्या भुईकोटावर चालून आलेली. विषय आपल्या गावचा, पोरांची मेहनतही जबर. पण जखमींच्या तंबूवर लाल क्रॉस! रेड क्रॉसचा जन्मच १८६३ चा. आत वैद्यबुवांच्या गळ्यात स्टेथोस्कोप. तो १८१६ साली पॅरिसात एका डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून शोधला, दोन वर्षांत सोलापूरला कुठला पोचतोय? आणि जखमींच्या अंगावर आपली फुलाफुलांची जकार्ड चादर. न राहवून बोलले, तर पोरं म्हणाली, "मग यंदा तुम्हीच सांगा की, मावशी." तेहेतीस वर्षं ड्रेसिंगची ट्रॉली ढकलली आहे, तेव्हा सांगते.

आधी दिवस ठरवा. सगळे लढाईचा तास दाखवतात, तुम्ही चौथा दिवस दाखवा. ज्याची मोठी शीर तुटली तो तिथल्या तिथेच गेला. उरलेल्यांची खरी लढाई नंतरची: पू, ताप, धनुर्वात. ईथरची भूल १८४६ ची, लिस्टरचं जंतू मारणारं कार्बोलिक १८६७ चं, म्हणजे १८१८ ला दोन्ही नाही. हात धुवायचे असतात हेच फारसं कुणाला माहीत नव्हतं. युरोपातले सर्जनसुद्धा दाट पांढरा पू दिसला की जखम सुधारतेय म्हणून खूश व्हायचे. चौथ्या दिवशी किंकाळ्या नसतात. पडून राहिलेली माणसं, सुकलेले ओठ, माश्या, आणि पाण्याच्या मडक्याकडे लागलेले डोळे. मे महिन्यातलं सोलापूर काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता रक्त. ताजं लाल रक्त एकाच माणसाला द्या: काकवीत खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. बाकी सगळ्यांना कात. पानपट्टीवरचा कात गरम पाण्यात कालवा आणि पट्टीवर थेंबाथेंबाने सोडा. एक थर वाळला की दुसरा, पहिल्यापेक्षा थोडा लहान. पाझरणारी जखम पट्टीवर अशीच वलयं काढते, मधे फिकट, कडेला गडद. ब्रशने रंगवलेला गोल डाग दहा फुटांवरून खोटा कळतो.

कात मी उगीच सांगत नाही. कावसजी नावाचा एक माणूस इंग्रज फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात छाटला. पुढे पुण्याकडे विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचं नाक करून बघितलं, ते कपाळावर सपाट पसरून कड आखली, तेवढी कातडी सोडवली आणि भुवयांमधलं टोक न तोडता खाली फिरवून बसवली. टाका नाही. काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक, चार दिवस तशाच. चौथ्या दिवसानंतर तुपात भिजवलेलं कापड. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली आणि तिकडचे सर्जन आपल्याकडून नाक शिकले. एक पोरगा कावसजीसारखा करा. बोलायचं काही नाही, नाकावर तपकिरी पट्ट्या लावून उताणा पडून राहायचं. शेजारी ही गोष्ट पाटीवर लिहा.

जखमा हत्यारानुसार करा. तलवारीचा वार लांब आणि कडा साफ, डोक्यावर, खांद्यावर, हातावर. भाल्याचं तोंड लहान, आत खोल, म्हणून नुसता डाग पुरे. बंदुकीची गोळी अंगरख्याचा तुकडा आत घेऊन जाते आणि तोच सडतो. त्या जखमेभोवती कातडी काळपट-जांभळी करा. मोडक्या पायाला कामट्या बांधा, सुश्रुतानेही वड-पिंपळाची साल आणि बांबू सांगितलाय. त्याने फाटलेल्या आतड्याला काळे मुंगळे चावायला लावून मुंडकी तिथेच ठेवायची असंही लिहिलंय, पण ते स्टेजवर नको. मंडळातल्या एका पोराने कुठून तरी खरे मुंगळे डबीत आणले होते. मी ती डबी सिद्धेश्वर तळ्याकाठी रिकामी करायला लावली.

पट्टीचं कापड म्हणजे जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर, हाताने फाडलेलं. कात्री लावू नका, सुटे धागे दिसले पाहिजेत. मेडिकलमधला गॉजचा रोल नको, क्रेप बँडेज तर नकोच. अंगावर साधी काळी घोंगडी.

मधोमध एकच हालचाल ठेवा: पट्टी बदलणं. चिकटलेली पट्टी कधी ओढत नाहीत. कोमट पाणी सोडायचं, थांबायचं, मग कडेने कातडीच्या लगत हळूहळू सोलायची, वर उचलायची नाही. वेदना चेहऱ्यावर दाखवू नका, पायाच्या अंगठ्यात दाखवा. वॉर्डात मी माणसाच्या तोंडाकडे बघतच नव्हते, अंगठा आखडला की हात थांबायचा. जर्राह, म्हणजे जखमा बघणारा देशी सर्जन, त्याचं काम करणाऱ्या पोराला मी एवढंच तीन संध्याकाळी शिकवलं. खांदे धरायला दोघं, पाय धरायला दोघं. भूल नसली की धरणारी माणसं हेच औषध. नेपोलियनचा सर्जन लारे याने १८१२ ला बोरोदिनोत चोवीस तासांत दोनशेच्या आसपास हातपाय कापले, ते याच बळावर.

रक्त थांबवायला दंडाला फडकं बांधून काठीने पीळ द्यायचं दाखवणार असाल तर सैल बांधा, खरा पीळ देऊ नका. आणि खरोखर कुणाचं रक्त वाहिलं तर हळद शोधत बसू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ लावा.

तालमीत शेवटून दुसरा जखमी घोंगडीखाली खरंच झोपला. कुणीतरी "उठ की बे!" म्हणून ओरडलं. मी म्हटलं, राहू दे, तो एकटाच बरोबर करतोय.

आणि हो, काताचा डाग निघत नाही. धोतर मागताना आजोबांना आधीच सांगा.