ओरिजिनल बीएल न दाखवता माल सोडवताय? या चुका टाळा

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला शिपरचा, म्हणजे माल पाठवणाऱ्याचा, मेल येतो : ‘टेलेक्स डन’, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडायचा निरोप गेला. सोबत बीएलचा (बिल ऑफ लेडिंग : शिपिंग लाइनने दिलेली मालाची पावती, जिची मूळ प्रत दाखवून माल घ्यायचा असतो) स्कॅन आणि त्यावर तिरका ‘सरेंडर्ड’ असा शिक्का. आयातदार निवांत होतो. क्लिअरिंगचा माणूस डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडण्याचा आदेश) घ्यायला शिपिंग लाइनच्या काउंटरवर जातो. तिथला क्लार्क बीएल नंबर टाकतो, स्क्रीनकडे बघतो आणि सांगतो, ‘आमच्याकडे काही आलेलं नाही.’ सोमवारपर्यंत कोणी फोन उचलत नाही, कंटेनर यार्डात पडून राहतो आणि मीटर चालू.

डॉक्युमेंटेशनच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर हा प्रसंग मला पाठ झालाय. त्या स्कॅनमध्ये खोटं काही नव्हतं. शिक्का खरा होता, फक्त तो फॉरवर्डरने (वाहतूक जुळवून देणाऱ्या मध्यस्थाने) शिपरला दिलेल्या हाउस बीएलवर होता. लाइनने फॉरवर्डरला दिलेल्या मास्टर बीएलच्या तिन्ही मूळ प्रती फॉरवर्डरच्या ड्रॉवरमध्येच होत्या. त्यामुळे ‘टेलेक्स झालं का?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो : कुठल्या बीएलचं, आणि तिन्ही ओरिजिनल आत्ता कुणाच्या हातात आहेत?

तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देणं

बोलताना सगळे सर्रास ‘टेलेक्स’ म्हणतात, पण ओरिजिनल न दाखवता माल हातात येण्याचे रस्ते तीन आहेत.

पहिला सरेंडर, म्हणजेच टेलेक्स रिलीज. इथे मूळ बीएल निघालेलं असतं किंवा निघायला तयार असतं. शिपर पूर्ण सेट (सगळ्या मूळ प्रती) लोड पोर्टवर, म्हणजे माल चढतो त्या बंदरात, लाइनला परत करतो आणि लाइन उतरण्याच्या बंदरातल्या आपल्या ऑफिसला कळवते की कागद आमच्याकडे जमा झाला, माल द्या. टेलेक्सची यंत्रं कधीच गेली, नाव तेवढं उरलं. आज तो एक मेल असतो किंवा सिस्टिममधली एक नोंद. म्हणूनच शिपरने तुम्हाला पाठवलेला स्कॅन म्हणजे रिलीज नव्हे. लाइनच्या तिथल्या ऑफिसला स्वतःच्या ऑफिसकडून आलेला निरोप म्हणजे रिलीज.

दुसरा सीवेबिल, ज्याला काही जण एक्स्प्रेस बीएल म्हणतात. यात ओरिजिनल नावाची वस्तूच नसते. कन्साइनीने, म्हणजे ज्याच्या नावावर माल पाठवलाय त्याने, आपली ओळख पटवली की माल मिळतो. सरेंडर करायचं काही नाही, त्यामुळे ‘सीवेबिलचं टेलेक्स पाठवा’ असा मेल आला की समोरच्याला कागद कळलेला नाही हे समजून जावं.

तिसरा एलओआय, म्हणजे हमीपत्र. मूळ बीएल आहे पण हाताशी नाही : हरवलं, बँकेत अडकलं, कुरियरमध्ये फिरतंय. हा रस्ता सगळ्यात महाग. त्याच्याकडे शेवटी येऊ.

नावावरच्या, म्हणजे ‘टू ऑर्डर’ (मागे सही करून दुसऱ्याच्या हवाली करता येणाऱ्या) नसलेल्या बीएलमुळेही असाच घोळ होतो. त्यावर कन्साइनीचं नाव छापलेलं असतं म्हणून लोक ते सीवेबिलसारखंच धरतात. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) २००५ मध्ये नावावरचं बीएलही मालकी दाखवणारा कागद मानलं आणि माल घेताना ते दाखवायला हवं, याच बाजूने मत दिलं. अमेरिकेच्या कायद्यात मात्र अशा बीएलवर मूळ प्रत न घेताही वाहक छापलेल्या कन्साइनीला माल देऊ शकतो. म्हणजे विक्रेता ‘तिन्ही ओरिजिनल माझ्या तिजोरीत आहेत’ म्हणून बेफिकीर, आणि तिकडे खरेदीदार माल घेऊन मोकळा. पैसे यायचे असतील तर कुठल्या देशात माल उतरतोय हे पाहूनच नावावरचं बीएल काढा.

पैसे जमा होण्याआधी सरेंडर करणं

ही चूक विक्रेत्याची. खरेदीदार पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची पीडीएफ पाठवतो, खाली लिहितो ‘पेमेंट केलंय, जहाज दोन दिवसांत लागतंय, प्लीज टेलेक्स करा’. पीडीएफ कोणीही बनवू शकतं, आणि खरी असली तरी पाठवलेले पैसे म्हणजे पोचलेले पैसे नव्हेत. सरेंडर केल्यावर तुमच्या हातात खरेदीदारावर दबाव टाकायला काही उरत नाही, आणि लाइनने निरोप पाठवला की तो मागे घेण्याची विनंती बहुतेक वेळा उशिरा पोचते. आपल्या खात्यावर रक्कम दिसली की मगच सरेंडरचं पत्र द्यायचं. घाईचा फोन कितीही गोड असो.

खरेदीदारासाठी याची दुसरी बाजू सीवेबिलमध्ये आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. पैसे आगाऊ दिले, सीवेबिलवर आपलं नाव आहे, म्हणजे माल आपला, असं वाटतं. पण सीएमआय या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा समितीचे १९९० चे सीवेबिलचे नियम ज्या कागदात लागू केलेले असतात, तिथे माल पोचून कन्साइनी डिलिव्हरी मागेपर्यंत शिपर कन्साइनीचं नाव बदलू शकतो. हा हक्क आधीच कन्साइनीकडे सोपवायचा असेल तर तशी नोंद सीवेबिलवरच हवी, आणि ती माल वाहकाच्या ताब्यात जाण्याआधी ठरवावी लागते. जुना, विश्वासाचा विक्रेता असेल तर हरकत नाही. पहिल्याच व्यवहारात सगळी रक्कम आगाऊ आणि सीवेबिल, हे जोडकाम करू नका.

हाउस आणि मास्टर यांची जुळणी न करणं

माझ्या मते निम्म्या भानगडी इथे आहेत. फॉरवर्डरमार्फत माल गेला की कागद दोन : फॉरवर्डर शिपरला देतो ते हाउस बीएल, आणि लाइन फॉरवर्डरला देते ते मास्टर. रिलीजही दोन लागतात. वरचा शुक्रवारचा प्रसंग हाउस सुटलं, मास्टर नाही, या प्रकारातला. कधी मास्टरही सरेंडर झालेलं असतं, पण फॉरवर्डरने लाइनचं भाडं भरलेलं नसतं. मग लाइन डीओ रोखते आणि ज्याने आपले सगळे पैसे वेळेवर दिले तो आयातदार फुकटचा भरडला जातो.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा. हाउस बीएल ओरिजिनल काढलंय कारण पैसे यायचेत, पण मास्टर सीवेबिल आहे आणि कोणीतरी घाईत त्यावर कन्साइनी म्हणून थेट खरेदीदाराचंच नाव टाकलंय. खरेदीदार लाइनकडे जातो, ओळख दाखवतो, माल घेतो. हाउस बीएलचे तिन्ही कागद बँकेत शिस्तीत ठेवलेले, आणि गोदाम रिकामं. मास्टरवर कन्साइनी म्हणून फॉरवर्डरचा तिथला एजंटच हवा. ड्राफ्ट तपासताना वजन, नग, सील नंबर सगळे बघतात. हा एक रकाना मात्र नजरेतून सुटतो.

एलसी असताना टेलेक्स मागणं

एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट : कागद बरोबर असले की विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची हमी. त्यात ‘फुल सेट’ लिहिलं असेल, म्हणजे साधारणपणे तीनपैकी तिन्ही प्रती, तर त्या बँकेत जाणार. सरेंडर करायला शिपरकडे उरणार काय? यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचं कलम २० बिल ऑफ लेडिंगसाठी आहे आणि त्यात सेटमधल्या सगळ्या मूळ प्रती लागतात. सीवेबिलसाठी कलम २१ वेगळं आहे. सीवेबिलच वापरायचं असेल तर एलसी उघडतानाच तसं लिहून घ्या. जहाज सुटल्यावर दुरुस्ती मागणं म्हणजे वरातीमागून घोडं.

काही एलसींमध्ये दोन प्रती बँकेला आणि एक थेट खरेदीदाराला पाठवायची अट असते. लांबचा प्रवास नसला की ती सोयीची वाटते. पण बीएलच्या चेहऱ्यावरच छापलेलं असतं की एका प्रतीवर माल दिला की बाकीच्या निकामी. म्हणजे बँकेच्या हातातले दोन कागद रद्दी होऊ शकतात. याच कारणाने उलट अडचणही येते. शिपर सरेंडरला जातो तेव्हा एक प्रत आधीच खरेदीदाराकडे गेलेली असते आणि लाइन दोन प्रतींवर सरेंडर घेत नाही. घेऊही नये.

पाठीमागची सही विसरणं

एका बीएलसाठी तीन वेळा कागद परत आले होते. कन्साइनीच्या रकान्यात ‘टू ऑर्डर’ एवढंच. शिपरचा माणूस तिन्ही प्रती घेऊन काउंटरवर उभा, पाठ कोरी. ‘टू ऑर्डर’ बीएल सरेंडर करताना शिपरने मागे शिक्का मारून सही करावी लागते, आणि माल कोणाला द्यायचा हे लेखी सांगावं लागतं, कारण कागदावर घेणाऱ्याचं नावच नाही. दुसऱ्या खेपेला सही आली पण एकाच प्रतीवर. तिसऱ्या खेपेला पत्रावर कंपनीचं नाव एक आणि बीएलवर दुसरं, शेवटचा शब्द वेगळा. आणि ‘टू ऑर्डर ऑफ’ अमुक बँक असं छापलं असेल तर शिपरच्या सहीने काहीच होत नाही. बँकेचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पाठीमागची सही, लागतं.

कन्साइनीच्या नावात, पत्त्यात किंवा मालाच्या वर्णनात दुरुस्ती असेल तर ती सरेंडरच्या आधी. नंतर करायला गेलं की उतरण्याच्या बंदरात कस्टमला दिलेली माहितीही बदलावी लागते, आणि ते काम लाइनच्या फीपेक्षा वेळेने जास्त महाग पडतं.

‘रिलीज आला’ हे फक्त मेलवरून मानणं

२०१२ मध्ये अँटवर्प बंदरात कोबाल्टच्या ब्रिकेट्सचे तीन कंटेनर कागदाऐवजी दिलेल्या गुप्त पिन कोडच्या पद्धतीने सोडायचे होते. एजंटला मेलने पिन गेले. घ्यायला लोक पोचले तेव्हा दोन कंटेनर आधीच कोणीतरी उचलले होते. प्रकरण इंग्लंडच्या अपील कोर्टापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये निकाल वाहकाच्या विरोधात लागला : नुसता पिन देणं म्हणजे माल देणं नव्हे, आणि तो डिलिव्हरी ऑर्डरच्या जागी चालत नाही. आधीच्या बऱ्याच खेपा याच पद्धतीने बिनतक्रार सुटल्या होत्या, हेही तिथे वाहकाच्या कामी आलं नाही.

आपल्यासाठी धडा साधा आहे. पिन, रिलीज नंबर, डीओचा दुवा सगळ्या सीसीमधल्या मंडळींना पाठवू नका. बँक खातं बदलल्याचा किंवा कन्साइनी बदलल्याचा मेल आला तर मेलमधल्या नंबरवर नाही, आधीपासून जपून ठेवलेल्या नंबरवर फोन करा. पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं डोळ्यांना दिसत नाही.

वेळेबद्दल थोडक्यात : जहाज लागण्याची वाट बघू नका. दोन्ही बंदरांच्या सुट्ट्या आणि घड्याळातला फरक धरून निदान चार-पाच कामाचे दिवस आधी रिलीज पूर्ण करून घ्या. सरेंडरची फी लोड पोर्टला भरली का हेही विचारा. क्षुल्लक रकमेपायी अडलेले रिलीज मी कितीतरी बघितलेत. तिकडे कंटेनर यार्डात आहे तोवर डिमरेज, बाहेर काढून रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन, अशी दोन वेगळी मीटर चालतात.

एलओआय म्हणजे फॉर्म भरणं असं समजणं

बीएल हरवलं की लोक म्हणतात, ‘एलओआय देऊन टाकू.’ देता येतो, पण काय देताय ते वाचा. जहाजमालकांचा दायित्व विमा करणाऱ्या पी अँड आय क्लबांच्या इंटरनॅशनल ग्रुपचा ठरलेला मसुदा आहे. त्यात रकमेला मर्यादा नाही आणि मुदतही लिहिलेली नाही. ओरिजिनल न घेता माल दिला तर वाहकाचं नेहमीचं विमाकवच सहसा त्याच्यामागे उभं राहत नाही, म्हणून तो तुमच्या सहीशेजारी बँकेची सही मागतो आणि हमी मालाच्या किमतीपेक्षा मोठी मागतो.

वाहक इतका ताठ का असतो, याचं उत्तर जुनं आहे. सिंगापूरला पाठवलेले सायकलचे सुटे भाग बँकेच्या हमीवर, बीएल न घेता दिले गेले आणि विक्रेत्याचे पैसे बुडाले. १९५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश वसाहतींचं तेव्हाचं शेवटचं अपील न्यायालय) सांगितलं की बीएलमधल्या जबाबदारी झटकणाऱ्या कलमाचा आडोसा अशा वेळी वाहकाला घेता येणार नाही.

एलसीच्या व्यवहारात कागद पोचण्याआधी बँकेकडून शिपिंग गॅरंटी (बीएलशिवाय माल सोडवण्यासाठीची हमी) घेतली तर आणखी एक गोष्ट सही करताना निसटते : नंतर येणाऱ्या कागदांत चुका निघाल्या तरी तुम्ही ते नाकारणार नाही, असं बँक लिहून घेते. मालात खोट असल्याची शंका असेल तर ही सही करण्याआधी माल बघायची काही सोय होते का ते पाहा.

आणि शेवटचं काम तर जवळपास सगळेच विसरतात. ओरिजिनल पुढे तीन आठवड्यांनी कुरियरने येतात, पाकीट फोडून कोणीतरी फाइलला लावतं, कारण माल तर केव्हाच आला. ते तीन कागद लाइनकडे जमा करून एलओआय परत मागायचा असतो, आणि तो परत आल्यावर बँकेकडून हमी रद्द करून घ्यायची असते. आमच्या एका ग्राहकाचे मार्जिनचे, म्हणजे हमीपोटी ठेवलेले, पैसे दीड वर्ष बँकेत अडकून होते. ऑडिटरने विचारलं तेव्हा शोधाशोध झाली. तिन्ही ओरिजिनल त्यांच्याच कपाटात, कुरियरच्या पाकिटासकट सापडली.