व्हीपीएनवर ओएसपीएफ चालवताय? ‘पिंग जातोय’ एवढ्यावर थांबू नका

फोंड्याला मुख्य कार्यालय, म्हापसा, साखळी आणि काणकोणला शाखा, मधे ब्रॉडबँडवरून व्हीपीएन टनेल (इंटरनेटमधून काढलेली खाजगी वाट) आणि त्यावर ओएसपीएफ, म्हणजे राउटरनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत. गोव्यातल्या पतसंस्था, डिस्ट्रिब्युटर, हॉटेलवाले यांच्याकडे थोड्याफार फरकाने हीच मांडणी दिसते. जून लागला की तक्रारी सुरू होतात आणि सगळं खापर पावसावर नाहीतर इंटरनेटवाल्यावर फुटतं. पावसात लाइन जाते, हे खरंच. पण टनेल ठरावीक अंतराने पडत आणि उठत असेल, तर दोष पावसाचा नाही. पाऊस इतका वक्तशीर नसतो.

टनेलची वाट टनेलमधूनच

असं घड्याळ लावून पडणारं टनेल दिसलं की पहिला संशय रिकर्सिव्ह राउटिंगचा घ्यावा. साखळीच्या राउटरला फोंड्याच्या पब्लिक आयपीपर्यंत जायचंय. टनेल उभं राहतं, ओएसपीएफ जुळतं आणि त्या पब्लिक आयपीला लागू पडणारा एखादा रूट (वाट) ओएसपीएफमधूनच साखळीला मिळतो. तो रूट आधीच्या डिफॉल्ट रूटपेक्षा (दुसरी वाट माहीत नसेल तेव्हाची वाट) जास्त नेमका, म्हणून राउटर तोच निवडतो. आता टनेलचं दुसरं टोक गाठायचं तर टनेलमधूनच जायला हवं. दिवाडी बेटाची फेरीबोट पकडायला आधी दिवाडीला जा, असं सांगण्यातला प्रकार. सिस्कोचा राउटर हे ओळखतो, ‘रिकर्सिव्ह राउटिंगमुळे टनेल तात्पुरतं बंद’ अशा अर्थाची ओळ लॉगमध्ये टाकतो आणि टनेल पाडतो. टनेल पडलं की नेबर (समोरचा ओएसपीएफ राउटर) जातो, रूट जातो, मग जुनी वाट मोकळी होते आणि टनेल पुन्हा उठतं. दिवसभर हेच चालू.

बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळे इंटरफेस एका फटक्यात ओएसपीएफमध्ये घेतलेले, त्यात इंटरनेटकडचा इंटरफेसही. त्याला पॅसिव्ह करून भागत नाही. पॅसिव्ह केल्याने हेलो (नेबर शोधायची छोटी पॅकेट) थांबतात, त्या इंटरफेसचं नेटवर्क मात्र जाहीर होतच राहतं. तो इंटरफेस ओएसपीएफमधून पूर्ण काढा. शिवाय शाखेच्या राउटरवर मुख्य कार्यालयाच्या पब्लिक आयपीसाठी /३२ चा (त्या एकाच पत्त्यापुरता) स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट इंटरनेटवाल्याच्या गेटवेकडे लावून ठेवा. शाखा बऱ्याच असतील तर बाहेरची बाजू वेगळ्या व्हीआरएफमध्ये (त्याच राउटरमधल्या स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) ठेवणं जास्त स्वच्छ.

एमटीयू

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. पिंग जातो, नेबर दिसतो, पण एक्सस्टार्ट किंवा एक्स्चेंजवर (जोडी जुळण्याच्या मधल्या पायऱ्यांवर) अडकून बसतो. हेलो लहान असतो, तो कसाही निघून जातो. मोठी डेटाबेस पॅकेट मात्र अडकतात. जीआरई (टनेलचा एक साधा प्रकार) २४ बाइट खातो, म्हणून १५०० चे १४७६ उरतात. त्यावर आयपीसेक (एन्क्रिप्शन) आला की आणखी कमी. म्हणूनच जीआरई आणि आयपीसेक एकत्र असताना टनेलचा आयपी एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका टीसीपी पॅकेटमधला कमाल डेटा) १३६० ठेवायची पद्धत पडली आहे. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएन प्रकाराचा नेहमीचा आकडा १४२०.

दोन्ही टोकांचे आकडे वेगळे असले तर ओएसपीएफ स्वतःच अडतं, कारण डेटाबेस पॅकेटमध्ये एमटीयू लिहिलेला असतो आणि समोरचा आकडा आपल्यापेक्षा मोठा दिसला की राउटर ते पॅकेट नाकारतो. इथे बरेच जण ‘एमटीयू इग्नोर’ची आज्ञा देऊन मोकळे होतात. मला ती आज्ञा आवडत नाही. नेबर फुल (पूर्ण जुळलेला) होतो, सगळे खूश होतात आणि पुढे रूट वाढले की मोठी अपडेट वाटेतच गळू लागतात. तेव्हा कुणालाच ती ओळ आठवत नाही.

तपासायचं तर तुकडे न करण्याचा डीएफ बिट लावून मोठा पिंग टाका. विंडोजच्या पिंगमध्ये दिलेला आकडा फक्त आतल्या डेटाचा असतो, २८ बाइटचं हेडर त्यावर वेगळं. म्हणजे १४०० तपासायला १३७२ टाकायचे. सिस्कोच्या राउटरवर पूर्ण पॅकेटचाच आकडा द्यायचा असतो. या फरकापायी भलभलत्या ठिकाणी शोधाशोध होते.

नेबर दिसतच नाही, किंवा इनिटवर थांबतो

ओएसपीएफचे हेलो २२४.०.०.५ या मल्टिकास्ट (एकदम अनेकांसाठीच्या) पत्त्यावर जातात आणि त्यांचा प्रोटोकॉल नंबर ८९ असतो. तिथे टीसीपी नाही की यूडीपी नाही, त्यामुळे फायरवॉलमध्ये पोर्ट उघडत बसून काही होणार नाही. नुसत्या पॉलिसीवर चालणाऱ्या (टनेल इंटरफेस नसलेल्या) आयपीसेकमधून हे मल्टिकास्ट जात नाही. त्यासाठी जीआरई किंवा व्हीटीआय (आयपीसेकचा टनेल इंटरफेस) घ्या, नाहीतर सरळ बीजीपी ही दुसरी राउटिंग पद्धत वापरा. ते टीसीपीच्या १७९ पोर्टवर थेट समोरच्याशी बोलतं.

नेबर इनिटमध्ये दिसत असेल तर अर्थ असा: त्याचे हेलो तुम्हाला मिळताहेत, तुमचे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत किंवा तो ते घेत नाही. म्हणजे तपास तुमच्याकडून तिकडे जाणाऱ्या दिशेचा.

वायरगार्डवाल्यांनी अलाउड आयपीमध्ये (कोणते पत्ते कुठल्या पीअरला, म्हणजे समोरच्या टोकाला, ती यादी) २२४.०.०.५ आहे का ते पाहावं. एका इंटरफेसवर एक पत्ता एकाच पीअरच्या नावावर राहतो, म्हणून ओएसपीएफ चालवायचं तर प्रत्येक शाखेला वेगळा इंटरफेस. आणि वायरगार्डचा इंटरफेस समोरचं टोक मेलं तरी वर दिसतो, त्याच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका.

नेबर फुल, तरी रूट गायब

हा सगळ्यात फसवा प्रकार. एका बाजूला नेटवर्क टाइप (ओएसपीएफने ती लिंक कोणत्या प्रकारची धरायची ती सेटिंग) ब्रॉडकास्ट, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हींचा हेलो १० सेकंदांचा आणि डेड टायमर (इतका वेळ हेलो नाही तर नेबर गेला) ४० सेकंदांचा, त्यामुळे जोडी जुळते, डेटाबेसही भरतो. राउटिंग टेबल मात्र कोरडं. दोन टोकांचं टनेल असेल तर दोन्हीकडे पॉइंट-टू-पॉइंट, आणि तेही हाताने लिहून.

बॅकअपची ४जी लाइन असेल तर कॉस्टही (वाटेची किंमत, कमी ती आधी) हाताने लिहा. टनेल फायबरवरून जातंय की डोंगलवरून, हे ओएसपीएफला कळत नाही. दोन्ही टनेलची कॉस्ट सारखी पडली की ट्रॅफिक निम्मं-निम्मं वाटलं जातं, जातं एकीकडून आणि येतं दुसरीकडून, आणि फायरवॉल ती कनेक्शन तोडतो. टायमर घट्ट करायचा मोहही आवरा. हेलो १ आणि डेड ४ सेकंद ठेवले तर पावसातल्या ४जीवर शाखा उगाचच पडेल, आणि तिच्या प्रत्येक पडझडीचा हिशेब त्या एरियातल्या (ओएसपीएफच्या त्या गटातल्या) सगळ्या राउटरना नव्याने करावा लागेल.

शेवटचा प्रकार क्वचितच घडतो, पण घडला की बऱ्याच शाखा एकदम बसू शकतात. एखाद्या शाखेच्या, समजा काणकोणच्या, राउटरवर डिफॉल्ट रूट जाहीर करायची ओळ राहून जाते, बहुधा मुख्य कार्यालयाचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं तिथे चिकटवल्यामुळे. मग ज्या राउटरवर स्वतःचा स्टॅटिक डिफॉल्ट नाही, त्याचं इंटरनेट काणकोणच्या ब्रॉडबँडमधून जाऊ लागतं. कोणता राउटर डिफॉल्ट जाहीर करतोय ते ओएसपीएफच्या एक्स्टर्नल डेटाबेसमध्ये राउटर आयडीसह (प्रत्येक राउटरच्या वेगळ्या ओळखीसह) दिसतं. तो आयडीही कॉपी-पेस्टमध्ये दोन शाखांना एकच गेलेला नाही ना, हे त्याच वेळी पाहून घ्या.