पारलिंगी प्रौढांचे समुपदेशन करताना या चुका टाळा

पारलिंगी व्यक्ती, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेली व्यक्ती, समुपदेशकाकडे पहिल्यांदा येते, तेव्हा चुकांची सुरुवात बहुधा दारातच होते. नोंदवहीत आधार कार्डावरचे नाव लिहिलेले असते आणि दहा माणसांसमोर ते मोठ्याने पुकारले जाते. जे नाव मागे टाकायला कित्येक वर्षे लागली, त्याच नावाला ‘ओ’ देत उठावे लागते. नोंदणीच्या कागदावर ‘कोणत्या नावाने हाक मारू?’ असा रकाना ठेवावा आणि पुकारणाऱ्या कर्मचाऱ्यालाही तोच वाचायला सांगावे. आपत्कालीन संपर्काच्या रकान्यात कुणी आपल्या गुरूचे, म्हणजे समुदायात आधार देणाऱ्या वडीलधाऱ्या व्यक्तीचे, नाव लिहिले, तर रक्ताचे नातेवाईक विचारत बसू नये.

मराठीत हा प्रश्न नावावर किंवा सर्वनामावर थांबत नाही, कारण आपले क्रियापदच लिंग सांगून मोकळे होते. ‘तू कधी आलास?’ आणि ‘तू कधी आलीस?’ यांतले एक निवडावेच लागते. ‘तुम्ही कधी आलात?’ म्हटले की ती निवड टळते. म्हणून समोरची व्यक्ती वयाने कितीही लहान असली, तरी पहिल्या भेटीत अहोजाहो सोडू नये आणि ती स्वतःबद्दल कसे बोलते तिकडे कान द्यावा. माझ्याकडे आलेला एक तरुण आई शेजारी असेपर्यंत ‘मी कामावर गेले होते’ असे म्हणत होता. आई पाणी प्यायला बाहेर गेली आणि तो ‘गेलो होतो’ म्हणू लागला. मी ते ‘ओळखीबाबत अनिश्चितता’ म्हणून टिपून ठेवले, ही माझी चूक होती. त्याला स्वतःबद्दल कसलीच शंका नव्हती, तो फक्त घरातला धोका जोखत होता. ‘आईसमोर मी तुमच्याशी कसे बोलू?’ एवढेच मी विचारायला हवे होते. बोलताना चुकीचे रूप निघून गेलेच, तर लगेच योग्य रूप उच्चारून पुढे जावे. लांबलचक माफी मागितली की समजूत काढण्याचे काम उलट समोरच्यावर पडते.

त्याहून मोठी चूक म्हणजे ओळखीची परीक्षा घेणे. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी शिफारसपत्र मागायला आलेल्या पारलिंगी स्त्रीला ‘लहानपणी भातुकली खेळायचात का?’ असे विचारून काहीही सिद्ध होत नाही. तिला अपेक्षित उत्तर पाठ करून येणे तेवढे भाग पडते. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला, आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जागतिक आरोग्य संघटनेने पारलिंगी ओळखीचा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. तेव्हा उपचारांचे परिणाम, त्यांतले कोणते कायमचे आहेत आणि शस्त्रक्रियेनंतर काळजी कोण घेणार, हे त्या व्यक्तीला नीट समजले आहे का, एवढे पाहणे आपले काम आहे. नैराश्य पूर्ण बरे होईपर्यंत पत्र अडवून ठेवणेही बहुतेक वेळा चुकीचेच ठरते, कारण कित्येकदा त्या वाट पाहण्यानेच नैराश्य वाढत असते.

‘हिला पूर्ववत करा’ असे म्हणत पालक पंचविशीतल्या मुलीला घेऊन येतात. अशा ‘बदल घडवणाऱ्या’ उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे, आणि सज्ञान व्यक्तीने सांगितलेले तिच्या संमतीवाचून घरी कळवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील गोपनीयतेच्या हक्काविरुद्ध आहे. हे पालकांना पहिल्याच भेटीत, न चिडता, स्पष्ट सांगावे.

प्रत्येक दुखणे लिंगभावाशी जोडणेही टाळावे. घरमालकाने खोली खाली करायला सांगितली म्हणूनही झोप उडते.

शेवटी औषधांविषयी. अनेक पारलिंगी स्त्रिया डॉक्टरांचा सल्ला न घेता मेडिकलमधून आणलेल्या इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या संप्रेरक म्हणून घेत असतात. ते ऐकून रागावले, की पुढच्या भेटीत खरे उत्तर मिळत नाही, आणि आपल्याला ते कळणे तर अत्यंत गरजेचे असते: मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी कार्बामाझेपिनमुळे शरीरातील इस्ट्रोजेनची पातळी घटू शकते आणि इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनची. म्हणून औषधाची चिठ्ठी लिहिण्याआधी कोणती गोळी, किती आणि कधीपासून, हे शांतपणे विचारून घ्यावे.