सड्यावरचं ऊन संगणकात कसं आणायचं

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, फोटो काढायचा आणि त्यातला तांबडा जांभा, झुडपं ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी करून खोटं ऊन पाडायचं, असं माझं काम चालतं. दोन्ही उन्हं जुळायला हवी असतील तर मोजमाप जागेवरच घ्या.

एक मीटरची काठी सरळ उभी रोवा आणि सावली टेपने मोजा. ती दोन मीटर भरली, तर सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर आहे. सावलीची दिशा होकायंत्रावर बघून वेळेसकट वहीत लिहा. ब्लेंडरमध्ये सूर्य बरोबर उलट दिशेला, तेवढ्याच उंचीवर लावा. सूर्याचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाएवढंच दिसतं, म्हणून ब्लेंडरमधल्या सूर्याचा कोन ०.५३ अंश ठेवा. जास्त ठेवलात की सावलीच्या कडा विरघळतात आणि सकाळच्या उन्हाची धार जाते.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. टेबलटेनिसच्या चेंडूला बिनचमकीचा राखाडी रंग द्या, जांभ्यावर ठेवा आणि जवळून फोटो घ्या. वरची बाजू उजळ, सावलीकडची निळसर, आणि अगदी तळाशी तांबूस छटा! ती दगडावरून उसळलेल्या उजेडाची. मला ती दिसायला फार वर्षं लागली.

संगणकात तसाच गोळा ठेवा. सावली काळीकुट्ट आली तर आकाशाचा प्रकाश कमी पडलाय. तळ तांबूस नसेल तर जमिनीचा रंग तपासा. दोन्ही गोळे शेजारी सारखे दिसेपर्यंत झाडांना हात लावू नका.