लायब्ररीत रिसर्चसाठी झेरॉक्स काढताय? आधी एवढं बघा

"किती पानं काढली तर चालतं?" हा प्रश्न हमखास येतो, आणि उत्तरही ठरलेलं, दहा टक्के. पण भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रिसर्चसाठी असा आकडाच नाहीये, कलम ५२ मध्ये फक्त खासगी वापर आणि संशोधनासाठी 'फेअर डीलिंग', म्हणजे वाजवी वापर, चालेल असं म्हटलंय. म्हणून पानं मोजत बसण्याआधी बाकीचं बघा.

पहिलं म्हणजे, जे कॉपी करताय त्यावर कॉपीराइट आहे का? माहितीवर तो नसतो, मांडणीवर असतो. लॉ रिपोर्ट, म्हणजे कोर्टाचे निकाल छापणारं पुस्तक घ्या, त्यातला कोर्टाचा मूळ निकाल मोकळा, पण वर संपादकाने लिहिलेली हेडनोट, म्हणजे निकालाचा सारांश, त्याची. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये, प्रकाशकांनी एका लॉ लायब्ररीवर केलेल्या केसमध्ये सांगितलं की कॉपीराइट मिळायला नुसती मेहनत पुरेशी नाही आणि अफाट प्रतिभाही लागत नाही, स्वतःचं कौशल्य आणि विचार लागतो. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये लॉ रिपोर्ट छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या केसमध्ये जवळपास हाच मार्ग धरला. लेखक जाऊन ६० वर्षं उलटली असली तर भारतात त्याचं लेखनही मोकळं, फक्त नवी प्रस्तावना किंवा टिपा असतील तर त्या वेगळ्या धरा.

कॉपीराइट असेल तर मग कशासाठी हवंय ते मागणीच्या चिठ्ठीवर सरळ लिहा, 'अमुक विषयाच्या प्रबंधासाठी'. त्याच कॅनडाच्या केसमध्ये फी घेऊन काम करणाऱ्या वकिलाचं वाचनही रिसर्च धरलं होतं, त्यामुळे उगाच घाबरू नका.

आता पानांचा प्रश्न. कॅनडाच्या त्या केसमध्ये कोर्टाने वापर वाजवी आहे का हे ठरवायला सहा गोष्टी बघितल्या: हेतू, प्रती किती आणि कुठे जातात, घेतलेला भाग केवढा, दुसरा पर्याय होता का, मूळ लेखन कसलं आहे आणि त्याच्या बाजारावर परिणाम काय. रिसर्चसाठी अख्खा लेखसुद्धा चालू शकतो, कारण अर्ध्या लेखाचं करायचं काय! पण दुकानात मिळणारं अख्खं पुस्तक झेरॉक्स करून 'रिसर्च' म्हणालात तर अवघड आहे. पुस्तक भारतात विकतच मिळत नसेल तर सार्वजनिक लायब्ररी स्वतःच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढू शकते, तेव्हा तशी विनंती ग्रंथपालांना करून बघा.

आणि हो, लायब्ररीत मशीन ठेवलंय म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, बटण तुम्ही दाबता तर जबाबदारीही तुमचीच. काढलेली प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा, स्कॅन करून दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली की हेतूच बदलतो. २०१६ चा दिल्ली विद्यापीठाच्या कोर्सपॅकचा (अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतले भाग झेरॉक्स करून केलेल्या संचाचा) निकाल यात पुढे करू नका, तो शिकवण्याच्या वेगळ्या तरतुदीवर होता.