इंजिन खोलण्याआधी या चुका टाळा: धूर, ऑइल आणि घाईचं निदान

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की निकाल तयार असतो: पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिनचं काम काढा. पांढरा दिसला की हेड गॅस्केट (सिलिंडरांवरचा भाग म्हणजे हेड, त्याच्याखालचं पॅकिंग), काळा दिसला की इंजेक्टर. एवढ्यावर लोक हेड उतरवायला घेतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण कारखान्यात बसलेलं इंजिन एकदा उघडलं की तितक्याच निगुतीने परत बसेल याची खात्री कोणी देत नाही. रंगावरून काय जळतंय तेवढंच कळतं. निळा म्हणजे ऑइल, गोडसर वासाचा दाट पांढरा म्हणजे कूलंट, काळा म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. ते ऑइल सिलिंडरमध्ये आलं कुठून, हे रंग सांगत नाही.

चूक: धूर कधी येतो हे न बघणं

गाडी रात्रभर उभी होती, सकाळी पहिल्या स्टार्टला निळा भपकारा आला आणि थोड्या वेळात साफ झाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर घ्या. सील कडक झालं की हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून रात्रभर झिरपतं आणि सकाळी जळतं. पेट्रोल गाडी उतारावर गिअरमध्ये सोडली आणि खाली येऊन पुन्हा पाय दाबताच धूर आला, तरी बोट तिकडेच जातं. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम वाढतो आणि गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिथून, ऑइल ओढलं जातं. चढावर, लोडवर धूर वाढतच गेला तर मग रिंगांकडे बघा, आणि टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) असेल तर टर्बोकडेही.

हा फरक का महत्त्वाचा? बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह सील हेड न उतरवता बदलता येतात. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरायचा, व्हॉल्व्ह वर धरले जातात, सील वरूनच काढायचे. त्याच धुरासाठी कोणी पिस्टन बाहेर काढलेले पाहिले की जीव तुटतो.

माझी सवय अशी की धुराची तक्रार असेल तर गाडी रात्री ठेवूनच घेतो. सकाळी दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगतो आणि मी मागे उभा राहतो. "लगेच बघून सांगा ना" म्हणणाऱ्याला मी नकार देतो. गरम इंजिनावर अर्धी लक्षणं लपलेली असतात.

चूक: ब्रीदर न बघता इंजिनचं काम काढणं

यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

एक पेट्रोल गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचं पूर्ण काम झालेलं होतं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत), पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह सील, सगळं नवं. मालक बिलांची पिशवी घेऊनच आला होता. "दादा, एवढं करून धूर होता तेवढाच आहे. आता ब्लॉकच बदला म्हणतात." इंजिन चालू ठेवून बघितलं तर डिपस्टिक आपल्या जागेवरून बोटभर वर आलेली. दाबून बसवली, रेस दिली, पुन्हा वर. ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर कागद धरला तर तो फडफडत उडाला. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी ऑइलचं थारोळं. इंजिन बंद करून ब्रीदरचा पाइप काढला. आत काळ्या गाळाचं घट्ट बूच बसलेलं. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे ब्रीदरच्या वाटेवरची झडप, कानाशी धरून हलवला. चांगला असता तर खुळखुळला असता, हा गप्प.

पिस्टनच्या कडेने थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल असतं त्या भागात, उतरतो, अगदी नव्या इंजिनातही. त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती वाट तुंबली की चेंबरमध्ये दाब साचतो आणि तो ऑइलला मिळेल तिथून ढकलतो: सीलमधून बाहेर, डिपस्टिकच्या नळीतून वर, मागच्या पाइपने एअर फिल्टरच्या डब्यात. डब्यातलं ऑइल इनटेकमधून पुन्हा सिलिंडरमध्ये जातं आणि जळतं. काम करणाऱ्याने इंजिनात सगळं नवं घातलं आणि तो तुंबलेला पाइप पुसून होता तसा लावून दिला.

पाइप आणि व्हॉल्व्ह बदलले, इनटेक धुतला. पहिल्या फेरीला गाडीने आधीपेक्षा जास्त धूर सोडला आणि मालकाचा चेहराच उतरला. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल गरम झाल्यावर जळणारच, ते संपेपर्यंत गाडी नीट लांब पळवावी लागते. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक बरोबर केलेली दुरुस्तीसुद्धा फसली म्हणून सोडून देतात. लांबची फेरी करून तो परत आला तेव्हा सायलेन्सरचं तोंड कोरडं होतं.

ऑइल खाणाऱ्या प्रत्येक पेट्रोल गाडीवर मी कागदाची ही परीक्षा आधी करतो. स्लोवर (पाय न देता इंजिन चालू असताना) कागद झाकणाच्या तोंडाला हलकेच चिकटला तर ब्रीदर ठीक. उडाला तर एकतर ब्रीदर तुंबलाय, नाहीतर रिंगांमधून खरोखरच जास्त गॅस उतरतोय. ब्रीदर साफ करूनही उडत राहिला तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतो ते, बघा. उलट झाकण उचलायला जोर लागेल इतकी ओढ असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्ही व्हॉल्व्हमधला पडदा फाटलेला असू शकतो. मग इंजिन ऑइल सरळ ओढून घेतं.

चूक: टर्बो बदलणं, पण ऑइलचा परतीचा पाइप न बघणं

टर्बोमधून ऑइल खाली चेंबरमध्ये आपल्या वजनाने परत येतं. तो पाइप कार्बनने भरला किंवा गॅस्केटने अर्धा झाकला तर नवाकोरा टर्बोही ऑइल गाळणार. जुना का गेला हे न शोधता नवा बसवू नका.

चूक: कॉम्प्रेशन कसंही घेणं

थंड इंजिन, अर्धमेली बॅटरी, एकच प्लग काढलेला, थ्रॉटल बंद. असा घेतलेला आकडा कागदावर लिहूच नका. इंजिन गरम हवं, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. डिझेलमध्ये वर जागा फार कमी असते, तिथे ही ओली परीक्षा मी करत नाही.

आणि कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. दाब वरच्या दोन रिंगा धरतात. बोअरवरचं ऑइल खरवडून खाली आणणारी तिसरी रिंग कार्बनने चिकटली तर आकडा छान येतो आणि गाडी ऑइल खात राहते.

चूक: सकाळच्या वाफेला हेड गॅस्केट समजणं

1 लिटर पेट्रोल जळलं की साधारण 1 लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते वाफ होऊन दिसतं, टोकाशी थेंबही गळतात. गाडी गरम झाल्यावर हा धूर गेला तर विषय संपला. गरम होऊनही दाट पांढरा धूर हटत नसेल, कूलंट कमी होत असेल, थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तेव्हा काळजी करा. पेट्रोल गाडीत रेडिएटरच्या तोंडाशी जळलेला गॅस शोधणारं निळं द्रावण मिळतं, ते पिवळं झालं तर गॅस कूलंटमध्ये शिरतोय. ही परीक्षा हेड उतरवण्याआधी करायची असते. उतरवल्यावर सांगून काही उपयोग नाही. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि तोंडावर उसळतं.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं म्हणूनही लगेच घाबरू नका. रोज छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ तिथे थिजते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे का आणि कूलंट जागेवर आहे का, ते बघा.

डिझेल गाडीचा सकाळचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल आहे. ग्लो प्लगपासून (थंड इंजिनाला सुरू होताना ऊब देणारे प्लग) सुरुवात करा.

चूक: काळा धूर दिसताच इंजेक्टर काढणं

आधी एअर फिल्टर. मग टर्बोचे होज हात फिरवून, खालच्या बाजूनेसुद्धा. चीर बहुतेकदा खालीच असते.

चूक: डिपस्टिक घाईत वाचणं

इंजिन बंद केल्या केल्या लोक डिपस्टिक ओढतात. ऑइल अजून वरच असतं, पातळी कमी दिसते, आणि एक डबा ओतला जातो. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण 1 लिटरचाच फरक असतो, म्हणजे तेवढ्यात पातळी खुणेच्या वर गेली. मग क्रँकशाफ्ट ऑइलमध्ये आपटते, फेस होतो, फेसाने प्रेशर पडतं, ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जातं आणि चांगली गाडी निळा धूर मारू लागते. सपाट जागा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, डिपस्टिक पुसून पुन्हा घातलेली. एवढा धीर नसेल त्याने ऑइल भरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑइल आपोआप वाढलं तर ती आनंदाची गोष्ट नाही. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा आला तर इंजेक्टर गळत असेल. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत तो फिल्टर जाळायला टाकलेलं जादा डिझेल चेंबरमध्ये उतरतं. ऑइल दुधाळ असेल तर कूलंट. तिन्हीत ऑइल बदलावं लागतं, पण कारण न शोधता बदललेलं ऑइल पुन्हा तसंच होणार.

चूक: गळती खालून शोधणं

जमिनीवर थेंब दिसला, गिअरबॉक्सजवळ ओलं दिसलं, की क्रँकचं मागचं सील गेलं म्हणून गिअरबॉक्स उतरवायला घेतात. ऑइल खाली वाहतं आणि गाडी पळताना वारा ते मागे नेतो. वरचं हेड कव्हर गॅस्केट किंवा प्रेशर स्विच गळत असला तरी ओलं मागे खालीच दिसणार. आधी इंजिन धुऊन कोरडं करा, मग थोडी चालवून टॉर्च घेऊन वरून खाली बघा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच मुळाची. बोनेटखालून जळका वास येतो पण सायलेन्सर स्वच्छ आहे, तर हेड कव्हरमधून ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर टपकतंय.

गॅस्केट बसवताना सिलिकॉन हात सैल सोडून लावू नका. बाहेर जितकं फुगलेलं दिसतं तितकंच आतही असतं, सुटून ते ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतं आणि प्रेशर जातं.

थोडक्यात आणखी काही

धूर दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतली औषधं घालू नका. आजार तसाच राहतो आणि गाडी विकणारा सुटतो.

लाल ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद. तो पातळी सांगत नाही, प्रेशर सांगतो. स्विच खोटा आहे की प्रेशर खरंच नाही, हे गेज लावूनच ठरतं.

डिझेल गाडी स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम रेस घ्यायला लागली तर चावी काढून ती थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडा. इनटेकच्या तोंडावर हात कधीच धरू नका.

बंद गॅरेजमध्ये धूर बघत इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चूक: "खूप ऑइल खाते" असं मोघम सांगणं

खूप म्हणजे किती? काही कंपन्या 1000 किलोमीटरला 1 लिटरपर्यंत ऑइल जाणं चालतं असं लिहितात. मला ते फार वाटतं, पण आकडा हातात असल्याशिवाय वाद घालता येत नाही. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा. 1000 किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच तोंडाने गाडी उभी करून मापाच्या भांड्याने पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा, आणि किती मिलिलिटर लागलं ते किलोमीटरच्या शेजारी लिहा. मधे खालच्या खुणेला आलं तर वाट न बघता भरा, तेही लिहा. हा कागद घेऊन आलेल्या माणसाच्या गाडीला मी आधी हात लावतो.