टीसीएम बदलायला निघालात? आधी या चुका टाळा

एसयूव्ही चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकते, डिस्प्लेवर गिअरबॉक्सचा इशारा येतो, स्कॅनरवर ट्रान्समिशनचा कोड दिसतो आणि निदान ठरून जातं: टीसीएम (ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर) गेला. हा आळ फार घाईने घेतला जातो. बऱ्याचदा मॉड्यूल धडधाकट असतं. त्याला सप्लाय अपुरा मिळत असतो, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारा जोड) सैल झालेला असतो, नाहीतर एखादा सेन्सर त्याला भलतंच सांगत असतो. महागडं मॉड्यूल बसवूनही गाडी तशीच राहते, ती या कारणांनी.

पी०७०० हा कोड वाचून निकाल देणं

हा कोड इंजिनच्या कंट्रोलरकडे नोंदलेला असतो. ‘गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची तक्रार आहे, दिवा लाव’, एवढाच त्याचा मतलब. तक्रार नेमकी काय, ते टीसीएमच्या मेमरीत असतं आणि स्वस्तातला कोड रीडर बहुधा तिथवर पोचत नाही. सगळी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लावा. आधी कोड आणि फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाची नोंद) जपून ठेवा, पुसायचं ते नंतर.

पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा, पी०७२० आउटपुट स्पीड सेन्सरचा, पी०७०५ गिअर लिव्हरची जागा सांगणाऱ्या स्विचचा, पी०७५० शिफ्ट सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा विजेचा व्हॉल्व) ‘ए’चा. या चारींत मॉड्यूल हा शेवटचा संशयित. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. तिथे आधी तेलाची पातळी आणि घसरणारे क्लच बघायचे. टीसीएममध्येच पी०६१३ किंवा पी०६०१ ते पी०६०५ पैकी काही नोंदलं असेल तर संशयाला जागा आहे. पण बॅटरी बसलेल्या गाडीत हेही कोड उगाच पडतात.

आणि गाडी ‘पी’मधून बाहेरच येत नसेल तर आधी ब्रेक लाइटचा स्विच तपासा. टीसीएमचा तिथे बहुधा संबंधही नसतो.

मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून सप्लाय ठीक मानणं

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. तारेच्या आतले धागे गंजून एक-दोनच उरले असले तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून तपासणी लोडवर करायची. टीसीएमचा कपलर (तारांचा प्लग) काढा, वायरिंग डायग्राममधून सप्लायच्या आणि अर्थच्या पिन ओळखा, आणि हार्नेसच्या (गाडीच्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूने त्यांच्यामध्ये २१ वॅटचा इंडिकेटर बल्ब जोडा. कायम सप्लायच्या पिनवर एकदा आणि इग्निशनच्या पिनवर एकदा. बल्ब लख्ख पेटला तर वायर चांगली. मिणमिणला तर फ्यूज, रिले आणि जोड शोधत मागे जा. मात्र हा बल्ब सिग्नलच्या किंवा सेन्सरच्या पिनला कधीही लावायचा नाही.

अर्थ वेगळा मोजा. कपलर परत लावून इंजिन चालू करा, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या तारेवर. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा जोड साफ करावा लागणार. टोकदार प्रोब समोरून पिनच्या भोकात खुपसू नका. आतली पकड एकदा सैल झाली, की खड्ड्यातून गाडी गेल्यावरच येणारा नवा बिघाड तुम्हीच तयार केलेला असतो.

बॅटरी विसरू नका. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. स्टार्टर फिरताना ती ९.६च्या खाली जात असेल तर पुढची कुठलीही चाचणी भरवशाची नाही.

यू०१०१ म्हणजे मॉड्यूल मेलं, असं समजणं

या कोडचा अर्थ टीसीएम नेटवर्कवर बोलत नाही, इतकाच. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मॉड्यूल झोपू द्या आणि ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये रोध मोजा. कॅन बसच्या (मॉड्यूल एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांच्या नेटवर्कच्या) दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध समांतर असतात, म्हणून ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना टेकल्यात. सॉकेटच्या मागे गेटवे (सॉकेट आणि आतलं नेटवर्क वेगळं ठेवणारं मॉड्यूल) असलेल्या गाडीत हे मोजमाप टीसीएमच्या कपलरवरच घ्या.

६० आले तरी लगेच खूश होऊ नका. टीसीएम अनेकदा मुख्य तारेपासून निघालेल्या फांदीवर असतो. ती फांदी तुटली तरी सॉकेटवर ६०च दिसतात. दोन्ही कॅन तारांची कंटिन्युटी (तार अखंड आहे का ते) टीसीएमच्या कपलरपर्यंत तपासली तरच खात्री.

कपलरमधलं तेल पुसून पुढे जाणं

मर्सिडीजच्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये (पहिल्या एम-क्लास एसयूव्हीत हाच होता) १३ पिनच्या प्लगचे ओ-रिंग कडक होतात. मग तेल तारेच्या धाग्यांमधून वर चढत थेट टीसीएमपर्यंत पोचतं. मॉड्यूल बदललं आणि प्लग तसाच ठेवला, तर तेल परत येणारच. झेडएफ ६एचपी गिअरबॉक्सच्या बहुतेक गाड्यांत मॉड्यूल गिअरबॉक्सच्या आतच असतं. तिथे प्लगची बाही गळते, तीही त्याच वेळी नवी घालायची. तेल काढल्यावर ते दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट मिसळलंय. तेव्हा रेडिएटर बदलल्याशिवाय आतल्या मॉड्यूलला हातही लावू नका.

सोलेनॉइड न मोजता नवं मॉड्यूल जोडणं

शॉर्ट झालेला सोलेनॉइड जुन्या मॉड्यूलचा ड्रायव्हर (सोलेनॉइडला करंट देणारं आतलं सर्किट) जाळतो, आणि जोडल्याबरोबर नव्याचाही. हार्नेसच्या बाजूने प्रत्येक सोलेनॉइडचा रोध मोजा. ऑन-ऑफ प्रकार बहुधा १० ते ३० ओहम, प्रेशर कंट्रोलचा ३ ते ८. पक्का आकडा मॅन्युअलमधलाच धरा, पण एकाच प्रकारच्या चारांपैकी एक वेगळा पडला तर तोच दोषी. थंड आणि गरम, दोन्ही वेळा बघा. सोलेनॉइडला स्वतंत्र परतीची तार असेल तर बॉडीकडे कंटिन्युटी दिसता कामा नये.

बसवताना

पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. दिसायला सारखं मॉड्यूल दुसऱ्या इंजिनसाठीचं असू शकतं. जुनं वापरलेलं घेणार असाल तर ते दुसऱ्या गाडीच्या चेसिस नंबरला बांधलेलं नाही ना आणि ते रीसेट करता येतं ना, हे पैसे देण्याआधी विचारा. जुन्याशी संवाद होत असेल तर काढण्यापूर्वी त्याचं कोडिंग (त्या गाडीसाठी भरलेल्या सेटिंग) वाचून ठेवा. काही गिअरबॉक्सला सोलेनॉइडचे किंवा व्हॉल्व बॉडीचे (तेलाच्या वाटा आणि व्हॉल्व असलेल्या भागाचे) कॅलिब्रेशन आकडे नव्यात भरावे लागतात. ते लेबलवर किंवा पेटीतल्या कागदावर असतात, आणि तो कागद रद्दीत जातो.

निगेटिव्ह काढून १०-१५ मिनिटं थांबा. मॉड्यूल पेटीतून काढण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, पिनांना बोट नको. प्रोग्रामिंगच्या वेळी साधा चार्जर चालत नाही, स्थिर १३.५ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय लागतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवं मॉड्यूल अर्धवट सॉफ्टवेअरसह अडकतं.

आतल्या मॉड्यूलसाठी चेंबर (गिअरबॉक्सखालचं तेलाचं भांडं) उतरवलं असेल तर तेल मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. पातळी इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला बघायची. झेडएफ ६एचपीला हे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअस आहे. ७० अंशांना बघितली तर तेल फुगलेलं असतं, पातळी पूर्ण भासते आणि प्रत्यक्षात तेल कमी राहतं.

शेवटी स्कॅनरने अडॅप्टेशन (मॉड्यूलने शिकलेल्या गिअर बदलाच्या सवयी) रीसेट करून लर्निंग ड्राइव्ह घ्या: तेल कामाच्या तापमानाला, हलका अ‍ॅक्सिलरेटर, सगळे गिअर चढू द्या, मग ब्रेक न मारता वेग उतरू द्या, असं अनेक वेळा. सुरुवातीचे झटके यात निवळतात. एकाच गिअर बदलाला झटका कायम राहिला तर तो व्हॉल्व बॉडीत किंवा क्लचमध्ये शोधा. जुनं मॉड्यूल तोवर फेकू नका. कोडिंग पुन्हा वाचायची वेळ आली तर तेच लागतं.